दत्तक देणाऱ्या आईचे साठ दिवस कुठून आले?

बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवताना आईवडील ज्या कागदावर सही किंवा अंगठा करतात, त्याला समर्पणपत्र म्हणतात. त्यानंतर साठ दिवस त्यांना निर्णय फिरवता येतो, आणि समिती चौकशी करून मूल परत देऊ शकते. मुदत उलटली की मूल दत्तकासाठी ‘कायदेशीररीत्या मुक्त’ ठरवता येतं. ही तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. अविवाहित आईच्या बाळासाठी तिची एकटीची सही पुरते. जोडपं विवाहित असेल तर दोघांची लागते.

जन्मदात्यांना विचार करायला वेळ द्यावा, ही कल्पना आपल्या दत्तकाच्या परंपरेत नव्हती. गुप्तताही नव्हती, हे मात्र विसरलं जातं. देणाऱ्याने मुलगा उचलून घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचा, दत्तहोम करायचा, चारचौघं साक्षीला. मराठीत मुलगा ‘दत्तक जातो’, आणि कुणाचा कुणाकडे गेला हे गावाला पाठ असतं. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याच्या विधवा महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसून सयाजीराव झाला. त्याचे सख्खे भाऊ आनंदराव आणि संपतराव बडोद्यातच वावरले. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू झाला, तेव्हा त्याचे जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे त्याच संस्थानाचे रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारे, होते. लेक दुसऱ्याचा झाला, पण नजरेआड झाला नाही.

धर्मशास्त्राने मात्र नातं मुळापासून तोडलं होतं. दिलेल्या मुलाने जनकाचं गोत्र आणि धन घेऊ नये, असं मनुस्मृती सांगते. पिंडही त्याच वाटेने जातो, म्हणजे जन्मदात्या बापाचं श्राद्धसुद्धा सुटतं. यातून एक पळवाट होती, द्व्यामुष्यायण. देतानाच करार करायचा की मुलगा दोन्ही घरांचा राहील. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी ही पद्धत मानली होती. मला तर आजच्या ‘खुल्या दत्तका’च्या, म्हणजे जन्मघराशी नातं राखून दिलेल्या दत्तकाच्या, चर्चेत सांगण्यासारखी हीच घरची गोष्ट वाटते, पण 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात तिला जागा उरली नाही. त्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी असलेले संबंध संपतात. उरतात दोन धागे: आधीच मुलाच्या नावे झालेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते, आणि जन्मघरामुळे ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं त्यांच्याशी ते निषिद्धच राहतं. कलम 15 तर सांगतं की एकदा रीतसर झालेलं दत्तक कुणालाच मोडता येत नाही. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही.

मग द्यायचा हक्क कुणाचा? 1956 च्या मूळ कायद्यात तो बापाचा. त्याला आईची संमती लागे, पण नवरा धडधाकट हयात असताना आईला स्वतःहून मूल देता येत नसे. विरोधाभास असा की मुंबई इलाख्यात विधवेला मयत पतीच्या परवानगीशिवायही दत्तक घेता यायचं. घेणारी बाई वारसा चालवत होती, म्हणून तिला मोकळीक. देणारी बाई कायद्याच्या लेखी दुय्यमच. 2010 च्या दुरुस्तीने आई आणि वडील दोघांचा हक्क समान झाला. चोपन्न वर्षं लागली.

गुप्तता आली ती वेगळ्या दाराने. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. जोतीरावांनी 1884 मध्ये लिहिलं त्याप्रमाणे तोवर 35 विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या आणि मुलं जगली होती फक्त 5. बाकीची गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या औषधांनी गेली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. 1875 मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजानेही असंच काम सुरू केलं. इथे नाव लपवणं म्हणजे बाईचा जीव वाचवणं होतं. पण त्यातून एक नवं मूल जन्माला आलं: कागदावर जनक नसलेलं.

शंभर वर्षांनी हाच कोरा रकाना परदेशी दत्तकाच्या बाजारात सोयीचा ठरला. 1982 मध्ये वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या गैरव्यवहाराकडे लक्ष वेधलं. 6 फेब्रुवारी 1984 च्या निकालात न्या. भगवतींनी बंधनं घातली. मूल जन्मायच्या आधी किंवा जन्मानंतरच्या तीन महिन्यांत आईवडिलांना ते सोडून द्यायला लावू नये. त्यांना आधी मदतीचे दुसरे मार्ग समजावून सांगावेत. आणि सोडल्यावरही फेरविचाराला सुमारे तीन महिने द्यावेत. आजच्या साठ दिवसांचं मूळ इथे आहे. मुदत पुढे आखडली, तत्त्व टिकलं. त्याच निकालात असंही आहे की वयात आलेल्या मुलाला जन्मदात्यांविषयी जाणून घ्यायचं असेल, तर सांगायला फारशी हरकत नसावी.

1990 मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा ‘कारा’ आली, 2003 मध्ये भारताने परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार मान्य केला. दत्तक नियमावलीत ‘मूळ शोध’ नावाची, म्हणजे जन्मदात्यांचा शोध घेण्याची, तरतूदही आहे. अठरा पूर्ण झालेलं दत्तक मूल स्वतः अर्ज करू शकतं, त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांसोबत. सोपवताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर आधी तिची संमती घ्यावी लागते, आणि तिने नकार दिला तर तिची खासगी बाब मुलाच्या हक्कापेक्षा वरचढ ठरते. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही. वीस वर्षांनी स्वतः आईलाच लेकराचा ठावठिकाणा विचारावासा वाटला, तर तिच्यासाठी नियमांत असा अर्ज ठेवलेला नाही.