कॅथलिक तत्त्वज्ञान व थिऑलॉजीचा स्वाध्याय

सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात) न जाता, पाद्री व्हायचा काही विचार नसताना चर्चची जुनी विद्या, म्हणजे तत्त्वज्ञान नि थिऑलॉजी (देवाविषयीचं शास्त्र), घरी बसून आपली आपण वाचणं म्हणजे हा स्वाध्याय. जुनी विद्या म्हणजे मुख्यतः मध्ययुगातला तत्त्वज्ञ पाद्री सेंट थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४), त्याच्या आधीचे ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन, बोएथियस, अन्सेल्म आणि सगळ्यांच्या खाली पाया म्हणून अॅरिस्टॉटल. १८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी एतेर्नी पात्रिस हे पत्र काढून थॉमसला परत मधोमध बसवलं, तिथून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२–६५) सेमिनऱ्यांत मुख्यतः हीच लाईन चालायची, आणि "पारंपरिक" म्हणतात ते सहसा यालाच.

गोव्यात ही विद्या काही नवीन नाही. जुन्या गोव्यात जेझुइट नावाच्या पाद्र्यांच्या संघाचं सेंट पॉल कॉलेज होतं, भारतातला पहिला छापखाना १५५६ ला तिथेच आला, गोव्यातल्याच साष्टी तालुक्यात रायतूरची सेमिनरी १६१० पासून उभी आहे, आणि बाणावलीचे जुझे वाझ (१६५१–१७११, संत म्हणून घोषणा २०१५) तत्त्वज्ञान नि थिऑलॉजी जुन्या गोव्यातच शिकले. पण हे सगळं पाद्री होणाऱ्यांसाठी. साध्या माणसाचं काय, तर लहानपणी दोतोर्न (चर्चमधली धर्मशिकवणी), मग कन्फर्मेशन (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), की झालं, पुढचं हवं असेल तर स्वतःच धडपडायचं. पाद्री व्हायला सुद्धा चर्चचा कायदा निदान सहा वर्षं मागतो, दोन तत्त्वज्ञानाची नि चार थिऑलॉजीची, त्यामुळे पावसाळ्याच्या सुट्टीत उरकून टाकू म्हणणाऱ्याने नाद सोडलेला बरा.

बहुतेक जण थेट थॉमसचा मोठा ग्रंथ सुम्मा थिऑलॉजिए उघडतात, कारण थॉमसच्याच डोमिनिकन संघातल्या इंग्रजी पाद्र्यांचं १९११ पासून छापलेलं भाषांतर नेटवर फुकट मिळतं, आणि थॉमसने प्रस्तावनेत लिहिलंय की हा ग्रंथ नवशिक्यांसाठी आहे (त्याचे नवशिके कोण होते देव जाणे!). पहिल्या पानावरच गोंधळ होतो कारण प्रत्येक लेखात आधी विरोधकांची मतं, मग "याउलट" म्हणून एक आधार, मग थॉमसचं स्वतःचं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. ज्याने आपल्याकडचं शास्त्र थोडं तरी चाळलंय त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल, पूर्वपक्ष नि सिद्धांतच की हा. आणि पूर्वपक्ष गाळून नुसतं उत्तर वाचणारा हमखास फसतो. देव आहे का या प्रसिद्ध लेखात (पहिला भाग, प्रश्न २, लेख ३) आक्षेप दोनच आहेत: जगात वाईट आहे म्हणून देव नाही, आणि सगळं निसर्गानेच समजावता येतं तर देव हवा कशाला. आज चहाच्या गाड्यावर कुणी हेच बोलतो तेव्हा त्याला वाटतं काहीतरी नवीन काढलं!

खरी अडचण शब्दांची. मराठीत विचार करणाऱ्याला "आत्मा" शब्द सोपा वाटतो आणि तिथेच घात होतो. थॉमसचा आत्मा म्हणजे जिवंत देहाचं रूप, बाहेरचा आकार नव्हे तर देहाला जिवंत करणारं तत्त्व, त्यामुळे झाडालाही आत्मा, कुत्र्यालाही, फक्त माणसाचा तेवढा मरणानंतर टिकतो. तोसुद्धा देहाशिवाय पूर्ण माणूस नव्हे, म्हणून तर शेवटी देहाचं पुनरुत्थान लागतं. गीतेतलं जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याचं चित्र डोक्यात ठेवून हे वाचलं तर सगळंच उलटं समजेल. याच्या उलट "द्रव्य" शब्द बऱ्यापैकी मदत करतो, वैशेषिक दर्शनातलं द्रव्य नि गुण माहीत असेल तर भाकरीचे गुण तेच राहून द्रव्य बदलतं, ख्रिस्ताचं शरीर होतं, हे मिसाबद्दलचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेबद्दलचं) म्हणणं निदान काय आहे ते तरी कळतं, पटणं न पटणं पुढचं.

शब्दांची ही खटपट इथे आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी केलेली आहे. इंग्रज जेझुइट, १५७९ ला गोव्यात आले, १६१६ ला रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं, मराठी ओव्यांत पण रोमन लिपीत, आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणून मोकळे. थिऑलॉजी मराठीत कशी वाजते ते ऐकायचं असेल तर अजूनही हेच उघडावं. माझ्या मते सुम्माच्याही आधी.

क्रम म्हणाल तर जुनी पद्धत अशी की आधी तर्कशास्त्र, मग निसर्ग नि आत्मा, मग मेटाफिजिक्स (असणं म्हणजे काय याचं शास्त्र), थिऑलॉजी सगळ्यात शेवटी. कंटाळवाणं आहे खरं, पण अॅरिस्टॉटलची शक्ती नि कृती (होऊ शकणं नि प्रत्यक्ष असणं), चार कारणं (कशाचं, कोणत्या रूपाचं, कुणी केलं, कशासाठी), हे आधी डोक्यात नसेल तर ट्रिनिटीवरचे (एका देवात तीन व्यक्ती) लेख म्हणजे नुसती शब्दांची भेळ. जुनं पुस्तक घेताना आत "निहिल ऑब्स्टॅट" नि "इंप्रिमातुर" आहे का बघतात, म्हणजे चर्चने तपासून छापायला परवानगी दिलेली, यापेक्षा जास्त अर्थ त्यात नाही.

आणखी एक. थॉमसने ६ डिसेंबर १२७३ नंतर लिहिणं थांबवलं आणि सुम्मा प्रायश्चित्ताच्या भागातच अर्धी राहिली. शेवटी जोडलेलं "पुरवणी" नावाचं प्रकरण मागाहून त्याच्याच तरुणपणीच्या लिखाणातून गोळा केलेलं आहे, त्यामुळे नरक नि पुनरुत्थानावर तिथे जे वाचाल ते त्याचं शेवटचं मत समजू नये.