सेगवेच्या पोटात भोवरा नसतो

सोलापूरच्या हुतात्मा बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एक काका मुलाकडे युरोपात जाऊन आले. तेव्हापासून रोममधल्या सेगवे-सहलीचं वर्णन रोज ऐकायला मिळतंय. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, डोक्याला हेल्मेट, पुढे गाइड आणि त्याच्या मागे एका ओळीत सगळे. कोलोझियम, सर्कस मॅक्सिमस, कॅपिटोलिन टेकडी, सगळं उभ्या उभ्या पाहून झालं. पायी फिरलो असतो तर गुडघ्यांनी दुपारच्या आत संप पुकारला असता, म्हणाले. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, ‘‘त्याच्या पोटात जोरात फिरणारा भोवरा असतोय सर. भोवरा पडत नाही, म्हणून माणूस पडत नाही.’’ संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तशाच अर्थाचा एक फॉरवर्डही येऊन पडला. म्हणून हा लेख.

सेगवे न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: एक पाट, त्याच्या दोन बाजूंना दोन चाकं आणि समोर उभा दांडा. पाटावर उभं राहायचं. पुढे कललं की गाडी पुढे जाते, मागे कललं की थांबते. ॲक्सिलरेटर नाही, ब्रेकही नाही. चाकं सायकलसारखी एकामागे एक नसून शेजारी शेजारी, एकाच आसावर. म्हणजे पुढे किंवा मागे पडायला कुणाची आडकाठी नाही.

आत मोठा भोवरा असता तर दोन गोष्टी दिसल्या असत्या. एक, गाडी बंद केल्यावरही तो फिरत असेपर्यंत ती तोल धरून राहिली असती. दुसरी, कलायला तिने विरोध केला असता. आणि या गाडीचा तर सगळा कारभारच कलण्यावर चालतो. पहिल्या मुद्द्याचा पुरावा जगाने फोटोत पाहिलाय. जून २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश सेगवेवर चढले आणि ती त्यांच्यासकट पुढे कोसळली. ते कसेबसे पायांवर उतरले. गाडी चालूच केलेली नव्हती! बंद सेगवे म्हणजे नुसती दोन चाकं आणि एक पाट.

मग चालू असताना ती पडत का नाही? उत्तर असं की ती पडत असते. सतत. फक्त पडणं पूर्ण व्हायच्या आत चाकं खालून सरकून पुन्हा बरोबर गुरुत्वमध्याखाली येतात. भौतिकशास्त्रात याला उलटा लंबक म्हणतात. शाळेत आपण सुलट लंबक शिकलो: गोळा खाली, टांगलेली जागा वर. बाजूला ओढून सोडला की तो आपोआप मध्याकडे येतो. उलट्या लंबकात वजन वर आणि टेकू खाली, त्यामुळे जरा कलला की आणखी कलतो आणि जितका कलतो तितका अधिक जोरात कलतो. त्याला उभं ठेवायचा सोपा उपाय एकच, तो ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला टेकूच पळवायचा.

हे सोलापूरकराला परक्या देशातून शिकायची गरज नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. माळवदावर उभं राहूनही मान वर करावी लागते इतके उंच. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस तो पेलतो तेव्हा त्याचे पाय पाहा, ध्वजाकडे नका पाहू. वरचं टोक पुढे झुकलं की पाय पुढे, डावीकडे झुकलं की पाय डावीकडे. (पेलणाऱ्याला हातांनीही जोर लावता येतो, त्यामुळे हा काटेकोर उलटा लंबक नव्हे, हे मान्य. पण निम्म्याहून अधिक काम पायांचंच.)

आता माझा आवडता प्रश्न. एवढा उंच ध्वज पेलता येतो, मग बोटावर पेन्सिल उभी का धरता येत नाही? पेन्सिल तर हलकी! घरी झाडू तळहातावर उभा धरून पाहा, थोड्या सरावाने जमतो. पेन्सिल जन्मात जमत नाही.

कारण वजनात नाही, वेळेत आहे. उलट्या लंबकाचा कल ठरावीक काळात सुमारे पावणेतीन पट होतो. हा काळ लांबीवर अवलंबून असतो, वजनावर नाही. सगळीकडे सारख्या जाडीच्या काठीसाठी हिशोब असा: मीटरमधल्या लांबीचे दोन तृतीयांश घ्या, त्याला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ९.८ ने, भागा आणि वर्गमूळ काढा. १८ सेंटिमीटरच्या पेन्सिलीला येतात ०.११ सेकंद. सव्वा मीटरच्या झाडूला साधारण ०.२९. नऊ मीटरची काठी धरली तर ०.७८. आता दुसरी बाजू. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात पेन्सिलीचा कल सहा पट झालेला असतो. हात हलेपर्यंत ती जमिनीवर. नऊ मीटरच्या काठीचा कल तेवढ्या वेळात जेमतेम सव्वा पटीच्या वर जातो. म्हणून ध्वज उंच आहे हीच पेलणाऱ्याची सोय. नागफण (नागाच्या फण्याचा साज) बांधल्यावर एकूण वजन वरच्या टोकाकडे सरकतं, जणू काठीच लांब झाली, आणि कलण्याचा काळ आणखी लांबतो. मात्र कललेला ध्वज सावरायला लागणारा जोरही वाढतो. त्या बाबतीत भौतिकशास्त्र मदत करत नाही, तिथे मांड्यांतली ताकद आणि यात्रेआधीचा सरावच लागतो.

सेगवेवरच्या माणसाचा हाच काळ येतो सुमारे ०.३५ सेकंद. म्हणजे आपल्या ०.२ सेकंदांच्या भरवशावर ही गाडी सांभाळायची म्हटलं तर सर्कशीतली नोकरी मिळण्याइतका सराव हवा. यंत्र सेकंदाला १०० वेळा कल मोजतं. दोन मोजण्यांच्या मधे तो फार तर तीन टक्के वाढतो आणि लगेच मोटरींना दुरुस्तीचा हुकूम जातो. नवखा माणूस सुरुवातीला थरथरतो तो यामुळेच. यंत्र आधीच तोल सावरत असतं आणि वरून हाही आपल्या संथ हिशोबाने सावरायला जातो. दोघांच्या दुरुस्त्या एकमेकींवर आदळतात. म्हणून सहलीच्या आधी मोकळ्या जागेत सराव घेतात आणि गाइड सांगतो, काही करू नका, नुसते उभे राहा. काकांना हे जमायला बराच वेळ लागला म्हणे. त्यांना ओळखणाऱ्यांना आश्चर्य वाटलं नाही.

कल मोजतं कोण? इथे जायरोस्कोप हा शब्द येतो आणि भोवऱ्याची अफवा बहुधा इथूनच निघाली. सेगवेमध्ये पाच जायरोस्कोप असतात. काम भागायला तीन पुरतात, दोन जादा. पण ते सिलिकॉनचे, काही मिलिमीटरचे, आणि त्यांत काहीही गरगर फिरत नाही. आत एक नाजूक कडं असतं, ते सतत कंप पावत असतं. कंप पावताना त्याचा आकार क्षणात आडवा लंबगोल, क्षणात उभा लंबगोल होतो. कड्यावर चार जागा अशा असतात की तिथे आत-बाहेर हालचाल होत नाही. आता हे कडं फिरवलं, म्हणजे गाडी कलली, तर कोरिओलिस परिणामामुळे (भूगोलात वारे वळवणारा तोच) कंपनाची ही नक्षी कड्याबरोबर तितकीच फिरत नाही, मागे पडते. त्यामुळे ज्या चार जागा स्तब्ध होत्या त्याही हलू लागतात. किती हलतात ते मोजलं की कलण्याचा वेग कळला. नक्षी मागे पडते हे जी. एच. ब्रायन या इंग्रज गणितज्ञाने १८९० सालीच दाखवलं होतं, घंटेसारख्या घुमणाऱ्या वस्तू फिरवून. शतकभराने त्याच तत्त्वावर हे इवलंसं कडं बनलं.

मात्र या कड्याकडून कलण्याचा वेग कळतो, कल नव्हे. कल काढायचा तर वेगाची क्षणाक्षणाची बेरीज करत जावी लागते, आणि बेरजेत बारीक चुकाही जमा होत जातात. काही मिनिटांत यंत्राला वाटेल की सरळ म्हणजे तीन अंश मागे. म्हणून जोडीला द्रव भरलेले दोन कलमापक असतात, ते गुरुत्वाची दिशा थेट सांगतात. त्यांची खोड उलटी: गाडीने वेग घेतला की द्रव मागे जातो आणि कलमापकाला गाडी कलल्याचा भास होतो. तेव्हा घाईच्या बातम्या कड्याकडून घ्यायच्या, सावकाशीच्या कलमापकाकडून, आणि दोन्हींचा मेळ घालायचा. हे गणित मला सेगवेच्या चाकांपेक्षा सुंदर वाटतं. ते मांडायला लागलो तर वाचक उठून जातील, म्हणून आवरतो. तुमचा मोबाइल आडवा केल्यावर चित्र आडवं होतं आणि खेळात फोन वळवला की गाडी वळते, त्यामागे याच जातीचे मापक आहेत.

तोलाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. ग्रहण लागलं की परातीत पाणी घालून मुसळ उभं करायचे आणि ‘ग्रहणाच्या शक्तीने उभं राहिलं’ म्हणायचे व्हिडिओ फिरतात. मुसळ हा उलटा लंबक नव्हे. त्याला सपाट बूड आहे. दोन फुटी मुसळाचं बूड सहा सेंटिमीटर रुंद असेल तर पाचेक अंश कलेपर्यंत त्याचा गुरुत्वमध्य बुडाच्या आतच राहतो आणि ते परत सरळ होतं. ते ग्रहणात उभं राहतं, अमावस्येला राहतं आणि मतदानाच्या दिवशीही राहतं. ज्यांना खरंच काही उभं राहिलेलं पाहायचंय त्यांनी संक्रांतीला यात्रेत यावं.

आता वेगाकडे. पाच अंश पुढे कललात की गुरुत्वमध्याखाली राहण्यासाठी चाकांना दर सेकंदाला ताशी तीन किलोमीटर इतका वेग वाढवत जावा लागतो. थांबताना तसंच, उलट दिशेने. ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेगवेची कमाल गती, असताना पाच अंश मागे कलून थांबायला साडेसहा सेकंद आणि १८ मीटर लागतात. दहा अंश कललात तर नऊ मीटर. गाइड ओळीत अंतर ठेवायला सांगतो तो उगाच नव्हे.

खरी गंमत थांबण्याच्या सुरुवातीलाच आहे. थांबायचं तर माणूस चाकांच्या मागे कललेला हवा. चाकं पुढे गेल्याशिवाय माणूस मागे राहणार कसा? म्हणजे कमाल गती ओलांडणाऱ्याला यंत्राने आवरायचं तर चाकांनी आधी क्षणभर आणखी जोरात पळून त्याच्या पुढे जायला हवं. वेग कमी करण्यासाठी वेग वाढवायचा! म्हणून मोटरची सगळी ताकद चालवणाऱ्याला कधीच देत नाहीत, काही राखून ठेवतात. ही राखीव संपली की तोल संपला. २००३ साली कंपनीने सुमारे ६,००० गाड्या परत बोलावल्या, कारण बॅटरी उतरत आल्यावर काही स्वार पडले होते. मोटारीचं पेट्रोल संपलं तर ती थांबते. सेगवेची वीज कमी पडली तर ती माणसाला खाली टाकते. २००६ मध्ये पुन्हा २३,५०० गाड्या परत बोलावल्या. चाकं अचानक उलटी फिरू शकतात, असा आज्ञावलीतला दोष होता.

वजनाची अटही अशीच समजते. ४५ किलोपेक्षा हलक्या आणि ११८ किलोपेक्षा जड माणसाला सेगवेवर घेत नाहीत. जड माणसाला मोटर पुरी पडत नाही हे उघड आहे. हलका माणूस मात्र कितीही मागे झाला तरी गाडीच्या मानाने त्याचं वजन अपुरं, त्यामुळे ती नीट थांबत नाही.

३ डिसेंबर २००१ रोजी सेगवेचे जनक, अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी ही गाडी न्यूयॉर्कमध्ये दाखवली. त्याआधी वर्षभर गुपिताचा असा काही गाजावाजा झाला होता की बस. मोटारीने घोडागाडीचं जे केलं ते ही मोटारीचं करील, शहरं हिच्याभोवती नव्याने आखली जातील वगैरे. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास. २०२० मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा जगभरात मिळून सुमारे १,४०,००० गाड्या विकल्या गेल्या होत्या. तंत्र अस्सल होतं, पण गरज कुणाला हा प्रश्न जाहिरातीच्या धुरात कुणी विचारला नाही. शेवटी ती पोलिसांच्या, मॉलमधल्या रखवालदारांच्या आणि पर्यटकांच्या पायाखाली राहिली. प्रागने तर २०१६ मध्ये जुन्या शहरात तिला बंदी केली, पायी चालणाऱ्यांना उपद्रव म्हणून.

काकांचं आता म्हणणं आहे की आपल्याकडेही अशी सकाळची सहल सुरू करावी. मार्ग सुचायला वेळ लागत नाही: भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलावाचा काठ, तिथून चार पुतळे, मग महापालिकेचं इंद्रभुवन. उन्हाळ्यात नऊच्या आत आटपावी लागेल. चढ नाहीत, अंतरं बेताची. अडचण एकच, गतिरोधक. सेगवेची चाकं १९ इंची, त्यामुळे रोमच्या दगडी फरसबंदीवर ती निभावते. पण आपल्याकडचा गल्लीतला हाताने घातलेला गतिरोधक वेगळ्या जातीचा. त्याच्या उभ्या कडेला चाकं अडतात आणि माणूस वेगाने पुढे जात राहतो. चाकांनी त्याच्याखाली पळायला हवं, नेमकी तीच अडून बसलेली. सेकंदाला १०० वेळा मोजूनही मग उपयोग नाही. कल किती हे यंत्राला नीट कळत असतं, फक्त जायला जागा नसते. तिथे ताशी पाचाच्या आत येऊन तिरकं चढायचं किंवा सरळ उतरून गाडी ढकलत न्यायची. किल्ल्यापासून तलावापर्यंतचा टप्पा तेवढ्याने जमेल. चार पुतळ्यांकडचा रस्ता रविवारी सातच्या आधी. नवी पेठेतून मात्र कुठल्याच वेळी नको.