‘साइड’ म्हणजे नेमकी कोणती साइड?

रविवारी पहाटे कोस्टल रोडलगतच्या विहार क्षेत्रावर सायकल चालवण्याइतकं सुख मुंबईत दुसरं नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये ही समुद्राकाठची जागा खुली झाली तेव्हापासून मी जातो. सात वाजले की मात्र गर्दी होते. चालायला आलेल्या आजी, पळणाऱ्यांचे घोळके, नुकतीच सायकल शिकणारी पोरं. मग मागून कुणीतरी ओरडतं, “साइड! साइड!” आजी आधी डावीकडे सरकतात, मग उजवीकडे, आणि शेवटी वाटेच्या मधोमध उभ्या राहतात. सायकलवाला चिडतो, पण यात आजींची काहीच चूक नसते.

आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला डाव्याच्या किंचित आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग असतो, आणि मेंदू मुख्यतः त्यावरूनच दिशा ताडतो. थेट मागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो, म्हणून मान वळवल्याशिवाय खात्री होत नाही. शिवाय वय वाढलं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि सायकलची घंटी वाजते नेमकी त्याच पट्टीत. म्हणून घंटी दहा-पंधरा मीटर आधीच वाजवावी, आणि जवळ येताना वेग कमी करून “आजी, उजवीकडून जातोय” असं पूर्ण वाक्य बोलावं. साइड मागताना कोणती ते सांगायलाच हवं.

“मी ऐनवेळी चुकवीन की!” असं पुष्कळ जण म्हणतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या भरवशाची.

सायकल उजवीकडे वळवायची तर आधी ती उजवीकडे झुकावी लागते, आणि झुकवण्यासाठी पुढचं चाक क्षणभर डावीकडे जावं लागतं. खोटं वाटत असेल तर मोकळ्या मैदानात, जरा वेगात असताना, हँडलची उजवी मूठ तळहाताने हलकेच पुढे ढकलून पाहा. चाक डावीकडे वळेल, सायकल मात्र उजवीकडे जाईल. विमान बनवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने बऱ्याच सायकलस्वारांना डावीकडे कसं वळता म्हणून विचारलं होतं. आपण आधी उलट दिशेला हँडल फिरवतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. शरीर हे सगळं आपोआप करतं, म्हणून कळत नाही.

आता आजींना अगदी घासून जाताना त्यांनी एक पाऊल तुमच्याकडे टाकलं तर काय होईल? त्यांच्यापासून दूर वळायचं तर चाक आधी त्यांच्याच दिशेने जायला हवं, आणि तेवढी जागाच उरलेली नसते. समुद्राकडच्या कठड्याला चिकटून चालवतानाही हीच अडचण येते. कठड्यापासून सुटायला चाक आधी कठड्याकडे न्यावं लागतं. निदान एक मीटर अंतर ठेवा असं मी सांगतो ते यासाठी.

उरला ब्रेक. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. धोका दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि पुढे कोरड्या जमिनीवर बरा ब्रेक लागला तरी आणखी पाच मीटर. म्हणजे सगळं मिळून साडेदहा-अकरा मीटर. वेग १० वर आणलात तर चार मीटरांत सायकल उभी राहते. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पाव होतं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात हे आकडे विसरा. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक ओले झाले की थांबायला दुप्पट किंवा त्याहून जास्त अंतर लागू शकतं, आणि शेवाळलेल्या फरशीवर टायर धरत नाही ते वेगळंच.

मग अगदी सावकाश चालवावी का? तिथेही एक मर्यादा येते. चालती सायकल तोल सावरते ती ज्या बाजूला पडते त्या बाजूला चाक वळवून. वेग चालण्याइतका उतरला की हे वळवणं मोठं होत जातं, सायकल डुलायला लागते आणि उलट जास्त रुंदी खाते. त्यामुळे गर्दी इतकी झाली की पेडल मारण्यापेक्षा तोल सांभाळायलाच जास्त कष्ट पडतायत, की मी खाली उतरतो आणि मोकळी वाट दिसेपर्यंत सायकल हाताने ढकलत नेतो.