अनाथ पाडसांची देखभाल

आई मेली किंवा ताटातूट झाली म्हणून एकट्या पडलेल्या हरणाच्या पाडसाला रेस्क्यू सेंटरमध्ये वाढवून परत जंगलात सोडणं म्हणजे अनाथ पाडसांची देखभाल. पण सेंटरमध्ये येणारी बरीच पाडसं मुळात अनाथ नसतातच, लोक चांगल्या मनानेच उचलून आणतात आणि तिथेच सगळं बिघडतं. हरिणी पिल्लाला गवतात बसवून तासन् तास लांब चरते, दिवसातून थोड्या वेळा येऊन पाजते, आणि पिल्लू धोका वाटला की पळत नाही, मान जमिनीला टेकवून निपचित पडून राहतं, त्याच्या हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते हा गैरसमज आहे, म्हणून उचललेलं धडधाकट पाडस लवकरात लवकर जागच्या जागी नेऊन ठेवावं आणि लांब जावं. सतत ओरडणारं, जखमी, माश्या बसलेलं किंवा शेजारी आई मरून पडलेली आहे असं पाडस मात्र खरंच मदतीची गरज असलेलं असतं. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर कानांची टोकं मागे वळलेली दिसतात.

आल्या आल्या लगेच दूध पाजायचं नाही!! आधी ऊब, मग पाण्याची कमतरता भरून काढायची, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. नुकतंच जन्मलेलं असेल तर पहिल्या २४ तासांत चीक मिळणं फार महत्त्वाचं, कारण रवंथ करणाऱ्या प्राण्यांत आईची प्रतिकारशक्ती गर्भात पिल्लाला मिळत नाही, ती चिकातूनच येते. हरणाचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच घट्ट, फॅट आणि प्रोटीन जास्त. बरेच जण शेळीचं दूध किंवा कोकरांसाठीची दूध पावडर वापरतात. बाटली वर धरायची म्हणजे पिल्लू मान वर करून चोखतं आणि दूध पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्यात न जाता, जिथे ते पचतं त्या चौथ्यात सरळ जातं. अगदी लहान पिल्लाला पाजताना ओल्या कोमट कापडाने मागचा भाग पुसावा लागतो, आई चाटते तसं, नाहीतर शी-शू होत नाही. दोनतीन आठवड्यांत ते पाला कुरतडायला लागतं, पण दूध पुढे हळूहळूच बंद करायचं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे लाड न करणं. एकटं वाढवलेलं पाडस माणसालाच आपलं समजायला लागतं, आणि असा माणसाळलेला नर मोठा होऊन माजावर आला की शिंगं घेऊन माणसाच्याच अंगावर येतो. म्हणून पाडसं एकत्र ठेवतात, बाटल्या स्टँडला अडकवतात, बोलत नाहीत, कुत्री तर जवळपाससुद्धा नकोत. उगाच पकडापकडी केली तर भीतीने स्नायूंवर इतका ताण येतो की जखम नसतानाही पाडस मरू शकतं. सोडायची वेळ आली की कुंपणाचं दार उघडं ठेवून कळपानेच जाऊ देतात, काही दिवस चारा तिथेच ठेवतात, यायचं तर येतील नाही तर नाही.