‘हाय प्रोड्यूसर’चा शिक्का

एचएलए, म्हणजे शरीर आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळलेल्या सख्ख्या भावाची किडनीसुद्धा कधीकधी नाकारली जाते, आणि जवळपास काहीच न जुळलेली वर्षानुवर्षं चालते. पेच जुनाच आहे. त्याचं उत्तर सायटोकाइनच्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांच्या, जनुकांत शोधायची कल्पना मात्र रुजली ती १९९०च्या दशकात, दाता-रुग्णाची जुळणी तपासणाऱ्या टिश्यू टायपिंगच्या लॅबमध्ये पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) रुळल्यावर.

टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१० ही अशीच दोन सायटोकाइन. टीएनएफ-अल्फाच्या जनुकाआधी ३०८व्या जागी कुणाच्यात डीएनएचं ‘जी’ हे अक्षर असतं, कुणाच्यात ‘ए’. आयएल-१०च्या १०८२व्या जागीही तसंच. तपासणी सोपी होती. रुग्णाचा डीएनए दोन नळ्यांत घालायचा, एकीत ‘जी’ पकडणारा प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा), दुसरीत ‘ए’ पकडणारा. मग यूव्ही दिव्याखाली जेलच्या कुठल्या रकान्यात पट्टी चमकते ते बघायचं. पुढे तयार किट आली आणि या अक्षरांचे अर्थ ‘हाय’, ‘इंटरमीडिएट’, ‘लो’ असे लावले जाऊ लागले.

घोळ या शब्दांपासून सुरू झाला. ‘हाय प्रोड्यूसर’ म्हटलं की किडनी बसवल्यावर ज्याच्या अंगात टीएनएफ जास्त तयार होतं तो, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मोजणी बहुतेक वेळा झाली होती पांढऱ्या पेशी लॅबमधल्या भांड्यात चेतवून. कशाने चेतवल्या, किती तासांनी मोजलं, यावर आकडे बदलत. काही लॅबना ‘जी’ आणि ‘ए’मध्ये फरकच दिसला नाही.

दुसरी अडचण जागेची. टीएनएफचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर, एचएलएच्याच वस्तीत आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत ३०८चा ‘ए’ बऱ्याचदा ए१-बी८-डीआर३ या एचएलएच्या संचाबरोबरच वारशाने येतो. मग दोष टीएनएफचा की डीआर३चा? शंभर-दीडशे रुग्णांच्या अभ्यासातून हे वेगळं काढता येत नाही, आणि त्या काळातले कितीतरी अभ्यास एवढेच होते. आयएल-१०चं तर आणखी अवघड. ते एकीकडे दाह शमवतं, दुसरीकडे बी पेशींना बळ देतं, त्यामुळे निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी स्पष्टीकरण तयार असे. शिवाय १०८२चा ‘जी’ युरोपीय लोकांत जवळपास निम्म्या प्रतींवर सापडतो, पूर्व आशियात अगदी विरळ. एका खंडातला ‘हाय’-‘लो’चा तक्ता दुसरीकडे जसाच्या तसा लावणं मला तेव्हाही चुकीचं वाटत होतं, आजही वाटतं.

दरम्यान ‘रिजेक्शन’चा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, अर्थही बदलत गेला. किडनीच्या बायोप्सीवरून रिजेक्शन ठरवणारी बान्फ वर्गवारी १९९१च्या बैठकीतून आली, अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन त्यात नंतर नीट वेगळं झालं. जुन्या अभ्यासांत मात्र रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची खूण) वाढलं आणि स्टिरॉइडने उतरलं, एवढ्यावरही रिजेक्शनची नोंद होई. टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या नव्या औषधांचा वापर वाढल्यावर तीव्र रिजेक्शनच कमी झालं. सायक्लोस्पोरिन या आधीच्या औषधाच्या काळातले निष्कर्ष नव्या रुग्णांवर ताडून बघणंही कठीण होऊन बसलं.

२०१८मध्ये दोन हजारांहून अधिक दाता-रुग्ण जोड्यांचा संपूर्ण जनुकसंच तपासला गेला. एचएलएखेरीज ठळक काही हाती लागलं नाही. २०१९मध्ये रोख बदलला. एकट्या रुग्णाची प्रवृत्ती बाजूला ठेवून दोघांमधली तफावत बघितली गेली. दुसऱ्या गुणसूत्रावर लिम्स१ या जनुकाजवळचा डीएनएचा एक तुकडा रुग्णाच्या दोन्ही प्रतींत नसेल आणि दात्याकडे असेल, तर रिजेक्शन जास्त दिसलं. नंतर तपासलेल्या काही गटांत हा निकाल जसाच्या तसा निघाला नाही. पण त्या कामात दात्याचा डीएनए निदान तपासला तरी गेला. ‘हाय’-‘लो’च्या जुन्या अभ्यासांत बहुतेकदा फक्त रुग्णाचाच असे, आणि बसवलेली किडनी तर स्वतःच्या, म्हणजे दात्याच्या, जनुकांनुसारच सायटोकाइन सोडत राहते.