हिरवं पाणी उपसायची घाई नको

‘स्विमिंग पूल हिरवा झाला की सगळं पाणी काढून नवं भरा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तशी गरज क्वचितच पडते. उलट पाणी काढलं तरी भिंतींवरचं आणि फिल्टरच्या वाळूतलं शेवाळ तसंच राहतं, आणि पावसाळ्यात पूलची रिकामी टाकी भूजलाच्या दाबाने उचलली जाऊन तडकूही शकते.

आधी पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन बघा. नितळ पण हिरवट असेल तर बहुधा तांबं किंवा बोअरच्या पाण्यातलं लोह. तिथे क्लोरीनने रंग आणखी बिघडतो. गढूळ हिरवं म्हणजे शेवाळ. मग पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचं माप) ७.२ वर आणा, भिंती घासा आणि ऊन उतरल्यावर दर १०,००० लिटरला ६५ टक्क्यांची क्लोरीन पावडर सुमारे १५० ग्रॅम सोडा. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी कधीच नाही. फिल्टर अखंड चालू ठेवा, त्याचा दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवा. सकाळी चाचणीत क्लोरीन शून्य आलं तर शेवाळ अजून जिवंत आहे. संध्याकाळी पुन्हा तेवढाच डोस.