शंभरचं कनेक्शन आणि तीनशे वीस केबी

अमेरिकेतल्या एका सर्व्हरवरून चार जीबीची फाइल पुण्यात उतरवून घ्यायची होती. घरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. हे आकडे बिटांचे असतात आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायचं. तरी सेकंदाला १२.५ एमबी यायला हरकत नव्हती. पाच-सहा मिनिटांचं काम. प्रोग्राम मात्र सेकंदाला ३२० केबी दाखवत होता. म्हणजे साडेतीन तास!

स्पीड टेस्ट केली, ९४ आले. त्यात नवल नाही, कारण ती चाचणी बहुतेक वेळा जवळच्याच सर्व्हरशी होते. राउटर बंद-चालू केला. रात्री दोनला उठून पाहिलं, तर तेच ३२०. खरा धागा इथेच होता. लाइनवर गर्दी असती तर वेग हेलकावे खाल्ला असता, रात्री सुधारला असता. हा ढिम्म हलत नव्हता.

मग पिंग करून पाहिलं. संदेश तिकडे जाऊन परत यायला २०४ मिलिसेकंद लागत होते. एका जाऊन-येऊन खेपेत किती माल निघतो ते पाहायला वेगाला या वेळेने गुणलं: ३२० गुणिले ०.२०४, म्हणजे जवळपास ६५ केबी. संगणकवाल्यांना हा आकडा पाहताच ओळख पटते. ६५,५३५ बाइट, सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या.

घाऊक व्यापाऱ्याची उधारी आठवा. पासष्ट पोती उधार देईन, पोचपावती आल्याशिवाय पुढचं पोतं निघणार नाही, असा त्याचा नियम. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत असेल तर काही अडत नाही. ते चार दिवसांच्या वाटेवर असेल, तर आठपदरी रस्ता मोकळा पडलेला आणि माल गोदामात. इंटरनेटवरचा बराचसा माल टीसीपी नावाच्या नियमांनी जातो आणि त्यात ही उधारीची मर्यादा ‘विंडो’ म्हणून ओळखली जाते. १९८१च्या मसुद्यात तिच्यासाठी सोळाच बिट ठेवले होते. त्या काळच्या लाइनींना ते भरपूर होते. १९९२मध्ये ही मर्यादा एक जीबीपर्यंत वाढवायची सोय झाली आणि आजच्या संगणकांत ती असतेच. पण माझ्या जुन्या प्रोग्रामने स्वतःचा बफर (येणारा माल तात्पुरता ठेवायची जागा) ६४ केबीवर खिळवून ठेवला होता. सेटिंगमध्ये तो दोन एमबी केला आणि फाइल आठ-नऊ मिनिटांत उतरली.

अंतर मात्र कमी करता येत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद; आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत कुठे जातात! कोणत्याही कंपनीचा महागातला प्लॅन घेतला तरी हे टळत नाही.

दोष कुठे आहे ते पाहण्याची सोपी युक्ती: एकाच वेळी दोन फाइली उतरवायला लावा. दोन्ही मिळून वेग दुप्पट झाला, तर लाइन ठीक आहे आणि अडचण एकेका जोडणीची आहे (सर्व्हरनेच दर जोडणीला लगाम घातला असेल तरीही असंच दिसेल). एकूण वेग तेवढाच राहिला, तर लाइन, वायफाय किंवा तुमची डिस्क तपासा.

वायफायबद्दल वेगळं सांगायला हवं. वाटेत पॅकेट (फाइलचा छोटा तुकडा) हरवलं की टीसीपी ते गर्दीचं लक्षण समजून हात आखडता घेतो. हा सावधपणा आला तो १९८६च्या ऑक्टोबरमधल्या एका कोंडीनंतर. बर्कलीतली राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यात अवघं ४०० यार्डांचं अंतर, पण वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं आणि गर्दीत वेग आवरण्याची रीत बसवली. आज भिंतीपलीकडच्या क्षीण सिग्नलमुळे पॅकेटं गळत असली, तरी टीसीपीला तीही गर्दीच वाटू शकते. म्हणून आधी केबल लावून बघा.

आणि दोन हजार फोटोंचं फोल्डर? एसएफटीपीत (दूरच्या संगणकावरून फाइली सुरक्षितपणे आणायची एक पद्धत) प्रत्येक फाइल उघडायला, वाचायला, बंद करायला किमान तीन खेपा. २०० मिलिसेकंदांच्या अंतरावर, एकामागून एक गेल्यास, नुसत्या या विचारपुशीत वीस मिनिटं जातात. तिकडेच सगळ्याची एक झिप करून मागवा.